खिशातला मुअल्लिक

अरबी फुटबॉलचं धावतं समालोचन ऐकायचं तर टीव्हीचं चित्र बंद करून ऐकावं, असं माझं मत आहे आणि इथे कतारमधल्या दोह्यात भेटेल त्याला मी ते सांगत असते. भिंतभर टीव्ही असताना तळहाताएवढा रेडिओ कशाला, असं विचारणाऱ्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

मुअल्लिक म्हणजे समालोचक. इंग्रजी समालोचक पडद्यावर दिसतंय ते पुन्हा सांगत बसत नाही. खेळाडूचं नाव घेतो, थांबतो, प्रेक्षकांचा गलका आपल्यापर्यंत येऊ देतो. अरबी मुअल्लिक टीव्हीवर असला तरी बोलतच असतो. चेंडू कुणाच्या पायाशी आहे, उजवी बाजू कशी मोकळी पडली आहे, बचावातला माणूस किती मागे राहिला, सगळं तो सांगतो. मधेच वीस वर्षांपूर्वीच्या सामन्याची आठवण, कवितेची एखादी ओळ, खेळाडूच्या गावाचा उल्लेख, देवाचा धावा. आणि गोल झाला की एका श्वासात, श्वास संपेपर्यंत ओढलेली आरोळी. ट्युनिशियाचे इसाम शवाली आणि अल्जीरियाचे हफीझ दर्राजी हे आज या कलेतले घरोघरी ओळखले जाणारे आवाज. त्यांचं समालोचन फार होतं, कान किटतात, असं अनेक जण म्हणतात. त्यांचे कान किटतात कारण डोळ्यांना सगळं आधीच कळलेलं असतं. चित्र काढून टाका. मग त्या बोलण्यातला एकही शब्द जास्तीचा वाटत नाही.

हे असं का, ते मला ऑफिसातल्या एका इजिप्शियन सहकाऱ्यांमुळे उमगलं. वयाने ते माझ्या वडिलांच्या जागी. मी त्यांना उस्ताज म्हणते, ते मला ‘या बिन्ती’, म्हणजे पोरी, अशी हाक मारतात. ते नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तांता गावचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी शवालींविषयी बोलत होते. ते म्हणाले, “या बिन्ती, यांच्याआधी लतीफ होते. लतीफना आम्ही आधी ऐकलं, पाहिलं खूप नंतर.”

मोहम्मद लतीफ. अरबी समालोचनाचं मूळ शोधायला निघालं की याच नावापाशी येऊन थांबावं लागतं. ते स्वतः पट्टीचे फुटबॉलपटू. १९३४ च्या विश्वचषकात आफ्रिकेतून आणि अरब जगातून पहिल्यांदा एक संघ उतरला, तो इजिप्तचा. नेपल्समध्ये हंगेरीकडून तो ४-२ असा हरला. त्या संघात लतीफ होते. पुढे शिकायला स्कॉटलंडला गेले, ग्लासगोच्या रेंजर्सकडून खेळले. परत येऊन रेडिओच्या मायक्रोफोनसमोर बसले, आणि १९६० मध्ये इजिप्तचा टीव्ही सुरू झाल्यावर तिथेही त्यांचाच आवाज आला. रेडिओवरची त्यांची रीत त्यांनी टीव्हीवर गेल्यावर टाकून दिली नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसालाही ते कानानेच खेळ दाखवत राहिले. त्यांच्यामागून जे आले ते त्यांना ऐकत मोठे झालेले होते. अरबी टीव्हीवरचं समालोचन आजही रेडिओसारखं वाजतं ते यामुळे, असं मला वाटतं. ‘अल-कोरा अग्वान’, फुटबॉल म्हणजे गोल, हे लतीफ यांचं पेटंट वाक्य. उस्ताज ते वाक्य म्हणताना आवाज जाड करतात, हात टेबलावर आपटतात, आणि क्षणभर पंचाहत्तर सालच्या तांत्यात जाऊन येतात.

उस्ताजांच्या लहानपणी गावात रेडिओ म्हणजे कहवाखान्यातलं किंवा उम्द्याच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, घरातलं लाकडी खोकं. व्हॉल्व्हचा सेट, जड, वीज खाणारा. माणसं रेडिओकडे जात, रेडिओ माणसांकडे येत नसे. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मधला, खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत १९५४ मध्ये बाजारात आला, पुढच्या वर्षी जपानच्या सोनीने आपला काढला. हे सेट स्वस्त होत होत इजिप्तच्या खेड्यांत पोचले, तो काळ तिथल्या रेडिओच्या ऐन भराचा. कैरोहून ‘सौत अल-अरब’, म्हणजे अरबांचा आवाज, हे रेडिओ केंद्र १९५३ पासून साऱ्या अरब देशांशी बोलत होतं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री गायिका उम्म कुलसूम गात असे आणि रस्ते ओस पडत. राष्ट्राध्यक्ष नासरची भाषणं होत. उस्ताज म्हणतात, ट्रान्झिस्टर आमच्या घरात आला तो त्या बाईसाठी आणि त्या माणसासाठी, पण तो घराबाहेर काढला फुटबॉलने. भाषण आणि गाणं सगळ्यांनी मिळून बसून ऐकायचं. सामना दुपारी असायचा, आणि दुपारी कुणी शेतात, कुणी गच्चीवर, कुणी न्हाव्याच्या दुकानात. सेट माणसाबरोबर हिंडू लागला.

आणि तो मैदानातही गेला. अल-अहली आणि झमालेक या कैरोच्या दोन संघांचा सामना प्रत्यक्ष बघायला आलेली माणसंही कानाला रेडिओ लावून बसत. लांबच्या गोलपाशी नेमका कुणाचा पाय लागला ते मुअल्लिक सांगे. दुसऱ्या शहरात चाललेल्या सामन्याचा निकाल कळे. आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्याच्या शब्दांचा शिक्का बसे. हे वाचून मुंबईतल्या एका पिढीला आपले दिवस आठवतील. क्रिकेटचा कसोटी सामना समोर चालू आणि कानाशी बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन. माझ्या आजोबांचा तो शिरस्ता होता. म्हणूनच असेल, उस्ताज हे सांगत होते तेव्हा मला काही समजावून घ्यावं लागलं नाही.

१९७५ मध्ये इजिप्तने तरुणांसाठी आणि खेळांसाठी वेगळं रेडिओ केंद्र सुरू केलं, ‘अश्-शबाब वर्-रियादा’. त्याच्या आगेमागे इजिप्तच्या रेडिओवर फुटबॉलवर बोलणारा एक मोठा आवाज होता फहमी उमर यांचा. वरच्या इजिप्तमधले, बोलीचा हेल शेवटपर्यंत तसाच ठेवलेले. २३ जुलै १९५२ च्या सकाळी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अन्वर सादात यांनी रेडिओवरून क्रांतीचं निवेदन वाचलं, तेव्हा तिथे ड्यूटीवर असलेले निवेदक हेच. राजाविरुद्धच्या क्रांतीची बातमी ज्या स्टुडिओतून निघाली, तिथल्याच माणसाच्या तोंडून पुढे गावोगावच्या माणसांनी फुटबॉल समजून घेतला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता यंत्राविषयी, कारण माझा जीव तिथेही आहे.

माझा सेट साधा आहे. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, लांब ओढायची एरियल, मीडियम वेव्ह आणि एफएम. जुन्या दोह्यातल्या एका छोट्या दुकानातून घेतला. मला भेट म्हणून मिळालेले महागडे बिनतारी इअरबड्सही घरात आहेत आणि गाण्यांसाठी ते उत्तम आहेत. समालोचनाला नाहीत. गाण्याला सुखावणारा खर्ज इथे आडवा येतो. ढोल, भोंगे, हजारो गळ्यांची घरघर त्या खर्जात भरून राहते आणि मुअल्लिक तिच्यात बुडतो. दोन-अडीच इंचांच्या स्पीकरला खर्ज पेलतच नाही, त्यामुळे गर्दी आपोआप मागे सरकते आणि माणसाचा आवाज पुढे येतो. मीडियम वेव्हवर तर स्टेशनांमध्ये अंतरच ९ किलोहर्ट्झचं, म्हणजे साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापलेलाच. संगीताचं त्यात वाटोळं होतं, बोलणं मात्र टिकतं. अरबीतले घशातून येणारे ‘ऐन’ आणि ‘हा’, पडजिभेपाशी फुटणारा ‘काफ’ ही अक्षरं या फिल्टरमधून जास्तच ठसठशीत होऊन बाहेर पडतात.

मीडियम वेव्हची एरियल सेटच्या पोटात असते, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार. सेट फिरवला की एखादं स्टेशन मोठं होतं, दुसरं नाहीसं होतं. एफएमला बाहेरची एरियल लागते, आणि मोबाइलमध्ये हे काम इअरफोनची तार करते. नोकिया १०५ सारख्या बटणांच्या फोनमध्ये एफएम असतो. आखातात पहारेकरी, गवंडी, ड्रायव्हर यांच्या खिशात असे फोन मी नेहमी पाहते. माझ्या मते समालोचनासाठी सगळ्यांत चांगलं साधन तेच: तारेचा इअरफोन, एकाच कानात. दुसरा कान जगासाठी मोकळा ठेवायचा.

वेग हा दुसरा मुद्दा. रेडिओलहर स्टुडिओतून निघाली की निघाली. इंटरनेटवरचं प्रसारण तुकडे करून, साठवून, मग पाठवलं जातं आणि अर्ध्या मिनिटानेही मागे पडू शकतं. ६ डिसेंबर २०२२ च्या रात्री विश्वचषकात मोरोक्को आणि स्पेन इथल्याच एज्युकेशन सिटी मैदानात खेळत होते. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टी सुरू झाल्या. आमची इमारत मोरोक्कन, ट्युनिशियन, जॉर्डनच्या कुटुंबांनी भरलेली. त्यांचे लॅपटॉप, फोन, टीव्ही सगळे आपापल्या उशिराने चाललेले. मी गॅलरीत रेडिओ घेऊन बसले होते. मोरोक्कोचा गोलरक्षक बुनूने अडवलेला फटका मला आधी कळला, मग तिसऱ्या मजल्याला, मग समोरच्या इमारतीला. मोरोक्कोच्या हकीमीने शेवटचा चेंडू हलकेच मधोमध टोलवला तेव्हाही तसंच. मी तोंडावर हात दाबून बसले. कुणाचाही तो क्षण आपल्या ओरडण्याने फोडायचा नव्हता. मग आरोळ्या मजल्यामजल्यावरून येत गेल्या आणि मीही मोठ्याने ओरडले.

आमच्या इमारतीचा पहारेकरी सुदानचा आहे, ओमदुर्मानचा. तिथे अल-हिलाल आणि अल-मर्रीख असे दोन जुने क्लब. गाव त्या दोघांत वाटलेलं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि तिथे फुटबॉल खेळणं अशक्य झालं. २०२४-२५ च्या हंगामात हे दोन्ही संघ मॉरिटानियाच्या लीगमध्ये खेळले, आफ्रिकेच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या हंगामात या माणसाचं घर ओमदुर्मानमध्ये, कुटुंब पोर्ट सुदानला, क्लब मॉरिटानियाच्या राजधानीत, नुआकशोतमध्ये, आणि तो स्वतः दोह्याच्या एका लोखंडी गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर. रात्री फोनवर सामना लावायचा. चित्राला डेटा लागतो, म्हणून फक्त आवाज. एकदा मी जाता जाता विचारलं, कोण जिंकतंय? तो म्हणाला, “हिलाल, अल्हम्दुलिल्लाह,” आणि दुसरा इअरफोन माझ्यापुढे धरला. मी थोडा वेळ तिथे उभी राहून ऐकलं. मुअल्लिक सुदानी बोलीत बोलत होता. त्या माणसाला त्या दिवसात गावाकडच्या हेलाचं एवढं सलग बोलणं आणखी कुठून मिळणार होतं?

माझ्या घराशी या आवाजाचं नातं जुनं आहे. आमचं गाव रत्नागिरीजवळ. मामा सत्तरच्या दशकात कुवेतला गेला, आमच्या वाडीतले बरेच जण गेले तसा. एकदा सुट्टीवर येताना नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन घेऊन आला. अंधार पडला की त्याच्या मीडियम वेव्हवर अरबी स्टेशनं लागायची. दिवसा या लहरी आकाशातल्या खालच्या थरात शोषल्या जातात, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावरून त्या परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. मधे सगळा समुद्र. माडांमागून वाऱ्याबरोबर आवाज कमी-जास्त व्हावा तसं ते स्टेशन लाटालाटांनी यायचं. आम्हा मुलांना एक अक्षर कळत नसे. मामाला कळे, आणि सामना असला की तो आम्हाला गप्प करी.

त्याची आवडती गोष्ट १९८२ ची. कुवेत पहिल्यांदा विश्वचषकात गेलं होतं. २१ जूनला स्पेनमधल्या वायाडोलिडला फ्रान्सशी सामना होता. मामा कामगारांच्या खोलीत, आठ-दहा जण एका रेडिओभोवती: केरळचे, कोकणातले, एक पॅलेस्टिनी, एक मिसरी, म्हणजे इजिप्शियन. फ्रान्स पुढे होतंच. तेवढ्यात जिरेसने आणखी एक गोल केला आणि कुवेतचे खेळाडू पंचांवर धावून गेले. गर्दीतून शिट्टी ऐकू आली, ती पंचांचीच समजून आम्ही थांबलो, असं त्यांचं म्हणणं. कुवेतच्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख शेख फहद स्टँडमधून उतरून थेट मैदानात आले. सोव्हिएत पंच मिरोस्लाव स्तुपार यांनी दिलेला गोल परत घेतला. फ्रान्स तरीही ४-१ ने जिंकलं. मामा सांगायचा, खोलीत कुणालाच कळेना काय चाललंय. सगळ्यांच्या नजरा त्या सेटवर आणि मिसरी माणूस प्रत्येक वाक्य मोडक्या हिंदीत सांगतोय. मी पुढे त्या प्रसंगाची चित्रफीत पाहिली. मैदानावरच्या गर्दीत डोक्याला शेमाघ, म्हणजे अरबी रुमाल, घातलेला एक माणूस चालत येताना दिसतो. मामाच्या तोंडून ऐकलेला प्रसंग त्याहून कितीतरी मोठा होता. आठ वर्षांनी, २ ऑगस्ट १९९० ला, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या त्याच दिवशी दस्मान राजवाड्याजवळ शेख फहद मारले गेले. मामा त्यानंतर काही आठवड्यांत हात हलवत परत आला. त्या खोलीतला रेडिओ तिथेच राहिला.

त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे सगळं कोसळण्याच्या आधी, इजिप्त ५६ वर्षांनी विश्वचषकात परतलं होतं. १२ जून, पालेर्मो, समोर युरोपचे विजेते नेदरलँड्स. एका गोलने मागे असताना हुसाम हसनला पाडलं गेलं, मग्दी अब्देल-घनीने पेनल्टी मारली, १-१. मुअल्लिक महमूद बक्र यांनी तेव्हा काढलेले उद्गार, पालेर्मोच्या मैदानावर आकाशातला न्याय उतरला अशा अर्थाचे, आजही कोणताही इजिप्शियन तोंडपाठ म्हणून दाखवतो. लतीफ त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते. उस्ताज एवढंच म्हणतात की तो गोल त्यांच्या आवाजात ऐकायचा राहिला.

फुटबॉल सोडून एक खेळ इथे सांगायलाच हवा, कारण रेडिओशिवाय तो बघताच येत नाही. दोह्याच्या पश्चिमेला शहानिय्याला उंटांच्या शर्यती होतात, हिवाळ्यात. शर्यत कित्येक किलोमीटरची. स्टँडमध्ये बसलेल्याला सुरुवात आणि शेवट दिसतो, मधलं सगळं धुळीत. म्हणून उंटांचे मालक धावपट्टीला समांतर रस्त्याने गाड्या पळवतात आणि गाडीतल्या रेडिओवर मुअल्लिक बोलत असतो: कोणती उंटीण पुढे, कोणाच्या कळपातली, तिच्या आईने कोणती शर्यत मारली होती. उंटांवर एके काळी लहान मुलं बसवली जात, गरीब देशांतून आणलेली. ते थांबलं ही या वाळवंटातली खरी चांगली गोष्ट. कतारमध्ये २००५ पासून त्यांच्या जागी छोटे यंत्रमानव आले. त्या यंत्रात चाबूक असतो आणि वॉकीटॉकीचा स्पीकर. मालक गाडीतून ओरडतो, त्याची हाक उंटाच्या पाठीवर वाजते. एकाच गाडीत एक यंत्र ऐकतंय आणि दुसरं बोलतंय. मी एकदा एका कतारी सहकारिणीच्या भावाच्या गाडीत मागे बसून हे अनुभवलं. मुअल्लिकचा आवाज चढत गेला तसा भाऊ वॉकीटॉकीत आणखी मोठ्याने हाका मारू लागला, आणि बाहेर धुळीशिवाय काही दिसत नव्हतं.

आवाज उरतो आणि माणसं नसतात, असंही घडलं आहे. १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सईदच्या मैदानात अल-अहलीचे ७० हून अधिक समर्थक मारले गेले. त्यानंतर इजिप्तमध्ये कित्येक वर्षं लीगचे बहुतेक सामने रिकाम्या मैदानांत झाले. उस्ताज त्या काळातल्या समालोचनाविषयी बोलायला तयार नसतात. मी जुनी ध्वनिमुद्रणं शोधून ऐकली. खेळाडूंच्या हाका, चेंडूचा ठोका, पंचांची शिट्टी सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि मुअल्लिक एकट्याने ती पोकळी भरत राहतो. मला ते फार वेळ ऐकवलं नाही.

२०२२ च्या विश्वचषकात दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी वर्णनात्मक समालोचन इंग्रजीबरोबर अरबीतही दिलं गेलं. विश्वचषकात अरबीत ते पहिल्यांदाच. चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात आहे, खेळाडूने हात वर केला की मान खाली घातली, कुणाच्या अंगावर कोणता रंग, स्टँडमध्ये कुठला फलक, हे सगळं न चुकता सांगायचं. मतं आणि आठवणी नंतर. त्यासाठी समालोचकांना वेगळं प्रशिक्षण असतं. मला हे ऐकून लतीफ आठवले. ट्रान्झिस्टरवाल्यांसाठी ते जे करत होते, त्याचंच हे काटेकोर रूप.

मोठे सामने आता पैसे भरणाऱ्यांच्या वाहिन्यांवर असतात आणि रेडिओचे हक्कही विकत घ्यावे लागतात. मीडियम वेव्हची केंद्रं एकेक करून बंद होत आहेत. २०३० चा विश्वचषक मोरोक्कोत येतो आहे, स्पेन आणि पोर्तुगालच्या जोडीने. २०३४ चा सौदी अरेबियात. तिथे अरबी वर्णनात्मक समालोचन होईलच, मला त्याची काळजी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते केवळ ॲपवर ठेवू नये. मैदानापुरत्या कमी ताकदीच्या एफएम लहरीवरही द्यावं. अशी सोय इतर स्पर्धांत झालेली आहे, तिला खर्च फारसा नाही, आणि आजूबाजूचे लोक उठून उभे राहतात त्याच क्षणी आंधळ्या प्रेक्षकालाही गोल कळतो. ती लहर मैदानाच्या भिंतीबाहेर थोडी सांडली तर बाहेर गाड्या लावणाऱ्या, पाणी विकणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसालाही सामना ऐकता येईल, त्याच्या साध्या फोनवर, तारेच्या इअरफोनवर, फुकट.